व्हर्सायचा तह आणि जर्मनीतील राजकीय अस्थैर्य : उत्तर कसे लिहावे

पहिल्या महायुद्धानंतर पराभूत जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहामुळे तिथे अस्थैर्य आले का, या प्रश्नाची बहुतेक उत्तरे तहाच्या अटी सांगून थेट हिटलरपाशी पोहोचतात आणि मधली चौदा वर्षे कोरी राहतात. परीक्षक नेमकी तीच वर्षे शोधत असतो.

लिहायला बसण्यापूर्वी कच्च्या कागदावर दोन रकाने आखावेत : एकात तहाशी निगडित घटना, दुसऱ्यात निवडणुकांचे निकाल. जानेवारी १९१९ मध्ये सम्राट गेल्यावर आलेल्या नव्या प्रजासत्ताकाच्या बाजूच्या तीन पक्षांना मिळून सुमारे ७६ टक्के मते होती. २८ जून १९१९ रोजी तहावर सह्या झाल्या आणि जून १९२० मध्ये तीच मते ४५ टक्क्यांच्या खाली आली. या घसरणीचे सारे खापर तहावर फोडू नये, कारण डाव्यांचे उठाव लष्कराकरवी चिरडल्याचा रागही त्यात होता.

मुख्य परिच्छेद एखाद्या कलमापासून प्रत्यक्ष घटनेपर्यंत न्यावा. तहाने सैन्य एक लाखावर आणले, म्हणून एरहार्ट या अधिकाऱ्याची निमलष्करी नौदल ब्रिगेड विसर्जित करण्याचा हुकूम निघाला आणि त्याच ब्रिगेडने मार्च १९२० मध्ये बर्लिनमध्ये शिरून उजवे राजकारणी काप यांच्या सरकारविरोधी बंडाला बळ दिले. अशी एक साखळी दहा विशेषणांपेक्षा अधिक सांगते. बदनामी कोणाच्या वाट्याला आली, हेही लिहावे : युद्धकाळातील सरसेनापती हिंडेनबर्ग यांनी नोव्हेंबर १९१९ मध्ये चौकशी समितीपुढे, देशातल्याच लोकांनी सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसल्याची कथा मांडली, तर युद्धबंदीवर सही करणारे एर्झबर्गर ऑगस्ट १९२१ मध्ये आणि परराष्ट्रमंत्री राटेनाऊ जून १९२२ मध्ये उजव्या अतिरेक्यांच्या गोळ्यांना बळी पडले.

युद्धखंडणीबाबत एक चूक हमखास आढळते. १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा आकडा तहात नसून मे १९२१ च्या लंडन वेळापत्रकातला आहे, आणि त्यातले ८२ अब्ज जवळजवळ कागदोपत्रीच होते. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियमने रूर हे जर्मनीचे औद्योगिक खोरे व्यापले, तेव्हा त्याविरुद्ध संपावर गेलेल्या कामगारांना पोसण्यासाठी सरकारने नोटा छापल्या आणि नोव्हेंबरपर्यंत एक डॉलर ४.२ लाख कोटी मार्कांवर गेला. मात्र चलनवाढीची मुळे युद्धासाठी काढलेल्या कर्जातही होती, हे एका वाक्यात नोंदवावे.

यानंतर दुसरा रकाना उपयोगी पडतो. तह तोच असूनही मे १९२८ मध्ये नाझी पक्षाला २.६ टक्केच मते मिळाली. सप्टेंबर १९३० मध्ये ती १८.३ आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के झाली. मधल्या काळात महामंदी आली, बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली आणि चॅन्सेलर ब्र्यूनिंग यांचे सरकार संसदेऐवजी राज्यघटनेच्या कलम ४८ खालील अध्यक्षीय वटहुकमांवर चालले. विशेष म्हणजे लोझान परिषदेने युद्धखंडणी व्यवहारतः संपवली ती त्याच जुलै महिन्यात. त्यामुळे तहाला कायम धुमसणारी तक्रार म्हणावे, पुरेसे कारण म्हणू नये.

उत्तर जानेवारी १९३३ वर थांबवताना नोव्हेंबर १९३२ ची निवडणूक विसरू नये : नाझींची मते ३३.१ टक्क्यांवर घसरलेली असतानाही माजी चॅन्सेलर पापेन यांच्या खटपटीने, तोवर अध्यक्ष झालेल्या हिंडेनबर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमले, आणि त्या निर्णयाला व्हर्सायचे कोणतेही कलम जबाबदार धरता येत नाही.