जुनी पद्मिनी घ्यायचीय? इंजिन नंतर ऐका, आधी खाली वाका

प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटार घ्यायला निघालेल्या माणसाला जो तो इंजिनाचा सल्ला देतो. चालू करून बघ, आवाज ऐक, ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा. हा सल्ला उलटा आहे. १०८९ सीसीचं ते चार सिलिंडरचं इंजिन अगदी साधं, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या बोनेटखाली ते इतकी वर्षं राबलंय की ते उघडून बांधणारा मिस्त्री अजूनही शोधला तर सापडतो. सडलेला पत्रा मनापासून नीट करणारा डेंटर शोधून दाखवा. सापडला तरी त्याचं बिल गाडीच्या किमतीपुढे जाईल.

१. कोणती घ्यायची

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, १९७२ मध्ये तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. अंगानं गाडी तीच. त्याआधीची गोलमटोल ‘डुक्कर फियाट’ हा वेगळा नाद आहे, त्याचे पार्ट शोधताना घरच्यांचा जीव खाल. घरातल्यांना बसवून फिरवायची असेल तर ऐंशी-नव्वदच्या दशकातली पद्मिनी बघा. हँडगिअरची (गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असलेली) असेल तर उत्तम, कारण पुढच्या सलग सीटवर तिघं बसतात.

२. कागद

आरसीवरचं (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचं) नाव आणि समोर बसलेला माणूस एकच हवा. ‘गाडी वडिलांच्या नावावर होती, ते गेले, तुम्ही थेट तुमच्या नावावर करून घ्या’ असं कोणी म्हणालं तर आधी वारसाच्या नावावर करून आणायला सांगा, मगच बोलणी. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घ्या. तो आरटीओत लागतोच.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. मुदत संपली असेल तर ते काम विकणाऱ्यानंच करून द्यायचं, पैसे कमी करून ते तुमच्या गळ्यात घ्यायचं नाही. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरल्याची पावती बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. आरसीवर जुन्या बँकेचा बोजा दिसत असेल तर तो आधी उतरवून घ्या.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. भाव वाढवायला दलाल हे फार रंगवून सांगतात. तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते, रॅली, प्रदर्शन, देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते, हे मात्र ते सांगत नाहीत.

३. पत्रा

इथे वेळ काढा. पद्मिनीला वेगळी चेसिस फ्रेम नाही, सगळं वजन बॉडीच पेलते. म्हणजे दारांखालची पोकळ पट्टी (गॅरेजमध्ये तिला रनिंग बोर्ड म्हणतात), फ्लोअर, आणि सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्रा ही शोभेची जागा नव्हे. तिथे गंज खोल गेला तर गाडीचा कणाच गेला.

मलाही सुरुवातीला हे जमायचं नाही. पत्रा बघायला जायचो आणि नजर क्रोमच्या बंपरवर खिळायची. आता मी सतरंजी घेऊन जातो, आधी चारही चाकांवर उभी असताना गाडीखाली डोकावतो आणि रंग सगळ्यात शेवटी बघतो.

नुकताच रंग मारलेली गाडी संशयितच समजा. विक्रीसाठी रंगवलेल्या गाडीवर रंगाखाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असते, आणि लांबीखाली काय आहे ते देव जाणे. साधं चुंबक पातळ कापडात गुंडाळून दारांच्या तळाशी, मडगार्डच्या कडेनं आणि रनिंग बोर्डवर फिरवा. फार ताकदीचं नको, ते लांबीवरूनही चिकटतं. जिथे पकड सुटते तिथे बोटाच्या पेरानं ठोका. पत्रा वाजतो, लांबी गप्प बसते. खालून नुकतंच काळं डांबरी कोटिंग मारलेलं दिसलं तर मी थेट विचारतो, कशावर मारलंय? समोरचा अडखळला की उत्तर मिळालं.

मग आतल्या मॅट उचला. सगळ्या. मालक ‘चिकटवल्यात हो, फाटतील’ म्हणाला तर चहा पिऊन निघा. पायांखालचे कोपरे आणि मागच्या सीटखालचा भाग बघा, डिकीतली स्टेपनी बाहेर काढून तिथलाही. जुन्या सडक्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड करून टाकलेला असेल तर तो मला भोकापेक्षा जास्त खटकतो. भोक निदान दिसतं. दोन पत्र्यांच्या मधे पाणी धरतं आणि गंज तिथे निवांत वाढत राहतो.

फ्लोअर सडण्याचं मूळ बऱ्याचदा वर असतं. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन भेगाळतं, पाणी आतून उतरतं आणि मॅटखाली साठतं. काचेवर बादलीभर पाणी ओतायला परवानगी मागा आणि पाच मिनिटांनी आत हात लावून बघा. म्हणूनच गाडी पावसाळ्यात किंवा पावसाळा सरताना बघावी. एप्रिलमध्ये सगळ्याच पद्मिनी कोरड्या असतात.

शेवटची परीक्षा जॅकची. सपाट कठीण जमिनीवर, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून एक बाजू थोडीशी उचला आणि त्या बाजूची दारं उघडून लावा. (खाली शिरायचं नाही, जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही.) खाली असताना सहज लागणारं दार आता घासत असेल तर बॉडी वाकतेय. भाव कितीही पाडून मिळाला तरी अशी गाडी घेऊ नका.

आणि हो, दाराचं रबर थोडं सोडवून मूळ रंग बघा. खाली काळा-पिवळा निघाला तर ती टॅक्सी होती. मुंबईत वीस वर्षांच्या मुदतीमुळे शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबल्या, त्याआधी कित्येक सेवेतून निघाल्याच होत्या. आरसीवर ‘खासगी’ आहे का, हे तेव्हा दुप्पट बारकाईनं वाचा.

माझं मत ठाम आहे: मळलेला, उन्हानं उडालेला, पण कारखान्यातला मूळ रंग असलेली, देशावरच्या कोरड्या हवेत गॅरेजमध्ये राहिलेली गाडी घ्या. किनाऱ्यावर वाढलेली चकचकीत गाडी दुसऱ्याला घेऊ द्या.

४. इंजिन

गार असताना चालू करायला लावा. तुम्ही पोचण्याआधी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, सतत पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलंय. हँडगिअर ढिला असेल तर बहुधा लिंकेजचे (गिअरच्या जोडदांड्यांचे) बुश झिजलेत, तो स्वस्तातला खर्च. चारही ड्रम ब्रेक आहेत, तेव्हा आजच्या गाडीसारखं ऐनवेळी थांबेल ही अपेक्षा चालवून बघतानाच सोडा.

५. घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्यानं फुगतं, भेगाळतं, आणि गळलेलं पेट्रोल गरम इंजिनावर पडतं. इथेनॉलला टिकणारे पाइप मागून घ्या, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रामही (आतला लवचीक पडदा) त्याच वेळी तपासा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून जुनं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुने असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, बदला.

आठवड्यातून एकदा चांगली गरम होईपर्यंत चालवा. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करणं न चालवण्यापेक्षा वाईट, कारण सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून सडतो. प्लास्टिकचं कव्हर टाकू नका, आत वाफ धरते. हवा खेळेल असं कापडी घ्या आणि ओल्या गाडीवर तेही नको. बीडिंग, काचा, क्रोमच्या पट्ट्या समोर दिसतील तेव्हा घेऊन ठेवा, गरज पडेल तेव्हा मिळणार नाहीत. दारांच्या आणि रनिंग बोर्डच्या तळाशी पाणी निघायला भोकं असतात. धुळीनं ती बुजतात. मे महिन्यात तारेनं मोकळी करा आणि आत वॅक्स फवारून घ्या, जूनचा पहिला पाऊस पडल्यावर ते करण्यात काही अर्थ नाही.