जुनी शिडाची फळी आणि तलावाचा सखल काठ

वेगाच्या विंडसर्फिंगचा सुरुवातीचा काळ ज्यांना मनापासून आवडतो, त्यांचे समाधान त्या काळाची छायाचित्रे पाहून होत नाही. ती लांब आणि जड फळी, ते डेक्रॉनचे, म्हणजे पॉलिस्टर कापडाचे शीड, दोरीने डोलकाठीला बांधलेला बूम, म्हणजे शीड सांभाळण्यासाठी हातात धरायचा आडवा दांडा, हे सगळे एकदा स्वतःच्या हाताखाली यावे असे वाटते. असे 1980 च्या दशकातील साहित्य जुन्या बाजारातून मिळाले, तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावावरही पाचशे मीटरची धाव घेता येते. ती कशी घ्यावी, हे येथे सांगतो.

त्या काळातील विक्रमवीरांची हुशारी साहित्यात होती तितकीच जागा हेरण्यात होती. इंग्लंडमधील वेमथ येथे 1972 पासून वेगाचा सप्ताह भरू लागला. तेथील पोर्टलंड बंदरात वारा चेसिल नावाच्या गोट्यांच्या लांबलचक बांधावरून येतो, त्यामुळे पलीकडे समुद्र खवळलेला असला तरी अलीकडचे पाणी बऱ्यापैकी सपाट राहते. 1983 मध्ये याच ठिकाणी फ्रेड हेवूड यांनी 30.82 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 57 किलोमीटर वेग गाठला आणि शिडाच्या फळीने 30 नॉटांची मर्यादा प्रथमच ओलांडली. 1986 मध्ये पास्कल माका यांनी फुएर्तेव्हेंतुरा बेटावरील सोतावेंतोच्या किनाऱ्यालगत 38.86 नॉट गाठले, तेव्हा शिडाच्या मोठ्या होडीकडे असलेला जागतिक विक्रम फळीकडे आला. दोनच वर्षांनी एरिक बील यांनी 40 नॉटांचा टप्पा ओलांडला, तो दक्षिण फ्रान्समधील सँत-मारी-द-ला-मेर येथे, वेगासाठी मुद्दाम खणलेल्या अरुंद कालव्यात. तिन्ही ठिकाणी वारा जमिनीवरून पाण्यावर उतरतो, आणि लाटेला उठायला जागाच उरत नाही.

आपल्या तलावावर नेमके हेच शोधायचे असते. नवख्याची नजर आधी पाळीकडे, म्हणजे तलावाच्या बांधाकडे जाते, कारण तिच्या आडोशाचे पाणी नितळ दिसते. पण पाळ उंच असते, तिच्यावर झाडेही असतात, त्यामुळे तेथे वारा फुटून झोताझोताने येतो आणि भरलेले शीड मध्येच रिकामे पडते. त्याऐवजी उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा, गुरे चरतात तो सखल काठ पाहावा. मृगाच्या सुमारास आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेच्या अंगाने वाहतो, म्हणून तलावाच्या पश्चिमेचा काठ सोयीचा. त्या काठाने स्वतः चालून पाहावे. वारा मागून, पण तिरपा, जमिनीच्या बाजूच्या खांद्यावर लागत असेल तर दिशा योग्य आहे. तो सरळ कानावर लागत असेल किंवा नेमका पाठीत बसत असेल तर वेग कमी मिळतो. बेशरमीची झुडपे पाण्यात शिरलेली असतील तो भाग सोडून द्यावा. धावेची संपूर्ण रेषा डोंग्यातून बांबूने चाचपून घ्यावी, कारण पाण्याखालचे एखादे खुंट फिन, म्हणजे फळीच्या बुडाचा पर, तर मोडतेच, शिवाय माणसालाही पुढे फेकून देते. पाणी निदान कमरेएवढे असावे.

आता फळीविषयी. तिचे बाह्यांग पॉलिथिनचे आहे की फायबरचे, हे आधी ओळखावे, कारण दोन्हींची दुरुस्ती पूर्णपणे वेगळी आहे. पॉलिथिनवर कोणतेही रेझिन टिकत नाही. तेथे पाण्याच्या टाक्या आणि पाइप जोडणाऱ्या कारागिराकडून त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी तापवून चीर भरून घ्यावी. फायबरच्या फळीला कूलरच्या टपांचे काम करणारा माणूस काचेचे कापड लावून देऊ शकतो, मात्र आत थर्माकोल असेल तर त्याला त्याचे नेहमीचे पॉलिस्टर रेझिन वापरू देऊ नये; ते थर्माकोल विरघळवून टाकते. अशा फळीला एपॉक्सीच लागते. बारीक छिद्र सापडत नसेल तर फायबरची फळी सकाळी सावलीत ठेवून हवेचा स्क्रू (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्राचे बूच) घट्ट करावा, कडांना साबणाचा फेस लावावा आणि ती थोडाच वेळ उन्हात धरावी. आतली हवा तापून फुगते आणि छिद्राच्या जागी बुडबुडा उठतो. तो दिसताच स्क्रू सैल करावा, कारण वैशाखातल्या उन्हात बंद फळी राहिली तर तिचे थर सुटतात.

सर्वांत अधिक काळजी डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या रबरी सांध्याची घ्यावी. हा सांधा हाताने पूर्ण दुमडून वाकाच्या बाहेरच्या बाजूला नजर जवळ नेऊन पाहावे. केसाएवढ्या बारीक भेगा उघडताना दिसल्या तर तो सांधा कितीही धडधाकट वाटला तरी बदलावा. भर तलावात तो तुटला की शीड एकीकडे आणि फळी दुसरीकडे जाते.

डेक्रॉनचे कापड टिकाऊ असते, पण शिवणीचा दोरा उन्हाने आधी कुजतो. ताडपत्री शिवणाऱ्याकडून पॉलिस्टरच्या दोऱ्याने नागमोडी टाका घालून घ्यावा. जुने कापड काढून आधुनिक पारदर्शक फिल्मचे शीड लावण्याचा सल्ला मिळेल. तो मानू नये असे मला मनापासून वाटते, कारण शिडाचे पोट वाऱ्यासरशी बदलते आणि ते हातांनी सांभाळावे लागते, यातच त्या काळाचा सगळा अनुभव आहे. जुना बूम बांधताना तो डोलकाठीला समांतर धरून, खांद्याच्या उंचीवर दोरी आवळावी आणि मग बूम आडवा फिरवावा. फिरवताना गाठ आपोआप घट्ट बसते. धाव सुरू होताच डॅगरबोर्ड, म्हणजे फळीच्या मधून पाण्यात उतरणारे पाते, वर ओढून घ्यावा, नाहीतर वेग वाढल्यावर फळी एका कडेवर उभी राहू लागते.

पाण्यात उतरण्यापूर्वी जलसंपदा विभागाची किंवा तलाव ज्यांच्या ताब्यात असेल त्यांची परवानगी घ्यावी आणि मासेमारी संस्थेतील ढिवर बांधवांना विचारून जाळी व शिंगाड्याची लागवड कोठे आहे ते समजून घ्यावे. तोतलाडोहसारखे जंगलातील राखीव जलाशय या कामासाठी नाहीत. जीवरक्षक जाकीट अंगात असावेच. क्षितिजावर काळे ढग आणि त्यांच्याखाली धुळीची भिंत दिसली की वावधन, म्हणजे वादळी वारा, येण्याची वाट न पाहता काठावर यावे, डोलकाठी आडवी करावी आणि पक्क्या घरात जावे. उघड्या पाण्यावर वीज सर्वांत उंच वस्तू शोधते.

वेळ मोजण्यासाठी मोबाइलचे जीपीएस पुरेसे असले तरी जुनी रीत करून पाहण्यासारखी आहे. पन्नास मीटरच्या टेपने काठावर पाचशे मीटर मोजावेत. दोन्ही टोकांना धावेच्या रेषेशी काटकोनात, एकामागे एक असे दोन-दोन बांबू रोवावेत. प्रत्येक टोकाला मागच्या बांबूपाशी एक माणूस उभा करावा. डोलकाठी दोन्ही बांबूंच्या रेषेत येताच पहिल्याने झेंडा पाडावा, दुसऱ्याने तेव्हा घड्याळ सुरू करून स्वतःच्या रेषेवर थांबवावे. 972 ला मिळालेल्या सेकंदांनी भागले की नॉटमध्ये सरासरी वेग मिळतो. साठ सेकंद लागले तर वेग सुमारे 16 नॉट झाला. हेवूड यांच्या वेगाने हेच अंतर साडेएकतीस सेकंदांत संपते आणि माका यांच्या वेगाने पंचवीस. लांब फळी आणि डेक्रॉनचे शीड घेऊन पन्नास सेकंदांच्या आत येणे हे आपल्या तलावावर उत्तम काम समजावे, आणि प्रत्येक धावेपुढे वाऱ्याची दिशा व शिडाचा आकार वहीत लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या मृगात काठाचा कोणता भाग निवडायचा हे ठरवता येते.