इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपचे आवाज गावात बसून कसे पारखावेत

वर्धा, यवतमाळकडच्या खेड्यातल्या गिटारवाल्याला वेगवेगळे पिकअप, म्हणजे तारांखालचे आवाज पकडणारे चुंबकी भाग, ऐकायचे तर नागपूर गाठावं लागतं. दुकानात मिळतात दहा-पंधरा मिनिटं, तीही अनोळखी अ‍ॅम्पवर. व्हिडिओत ऐकावं तर गिटार दुसऱ्याची, हात दुसऱ्याचा. म्हणून पारख घरीच करावी. एक-दोन गिटार, एक अ‍ॅम्प आणि मोबाइल असला की भागतं. पण पिकअप सोडून बाकी सगळं सारखं ठेवायला हवं, नाहीतर आपण भलत्याच गोष्टीची तुलना करत बसतो.

आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा. तारांखाली सहा खुंट्यांची एकच अरुंद रांग असेल तर तो सिंगल कॉइल. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरवर असे तीन असतात. शेजारी-शेजारी दोन कॉइल असतील, किंवा रुंद धातूचं झाकण असेल, तर बहुधा हमबकर. पी-९० दिसायला रुंद, पण आत कॉइल एकच. गिब्सनने तो १९४६ साली आणला. कोणता पिकअप चालू आहे हे कळत नसेल तर अ‍ॅम्पचा आवाज कमी ठेवून पेचकसाने एकेकावर हलकं टकटक करा. चालू असलेल्यावरच अ‍ॅम्पमधून ठोका येतो.

आता लाइनचं बघा, कारण गावात अर्धा गोंधळ इथेच होतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार हलली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते, पण घरातल्या वायरिंगचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्रही त्याच वेढ्यांत शिरतं. सिंगल कॉइल ते जसंच्या तसं अ‍ॅम्पला देतो, म्हणून 'हूं' ऐकू येतं. १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल उलट वेढ्यांचे आणि उलट चुंबकांचे जोडले. तारेचा आवाज दोघांतून एकाच दिशेने येऊन वाढतो, बाहेरून घुसलेला गुंजारव मात्र उलटसुलट येऊन एकमेकाला मारतो. 'हम' म्हणजे गुंजारव, त्याला मारतो म्हणून हमबकर हे नाव पडलं.

म्हणून तुलना करताना घरची मोटार, चोकवाली ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर बंद ठेवा. लाइन गेली म्हणून इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प लावू नका. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अशी कर्कश घरघर येऊ शकते की चांगला सिंगल कॉइलही नापास होईल. बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प असेल तर तो उत्तम. मग गिटार धरून बसल्या जागी हळूहळू फिरा. सिंगल कॉइलचा गुंजारव एखाद्या दिशेला ठळकपणे कमी होतो. तीच दिशा धरून पुढचं सगळं वाजवा.

तारांना हात लावला की थांबते ती खरखर वेगळी. ती गिटारच्या आतलं शिल्डिंग (बाहेरचा गोंगाट अडवणारं धातूचं अस्तर) अपुरं असल्यामुळे किंवा घराच्या अर्थिंगमधल्या दोषामुळे येते, तिचा दोष पिकअपला देऊ नका. आणि खरखर थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढायची सवय आपल्याकडे फार आहे, ती कृपा करून सोडा. गिटारच्या तारा ब्रिजमधून (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) थेट अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थ नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर करंट तारांत उतरतो. मांडवात तार धरलेल्या गिटारवाल्याचे ओठ माइकला लागले तर जीव जाऊ शकतो.

यानंतर जागा. ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून तिथला आवाज धारदार आणि पातळ येतो. मानेजवळचा गोल आणि भरीव. आपल्याकडच्या बऱ्याच गिटारांवर ब्रिजला हमबकर आणि मानेला सिंगल कॉइल असतो. या दोघांची तुलना केली तर जागेचा फरक पिकअपच्या नावावर जमा होतो. दोन गिटारांवरचे ब्रिजचेच पिकअप एकमेकांसमोर ठेवा. हमबकरचा एक कॉइल बंद करणारी ओढायची नॉब असेल तर एकाच गिटारवर, एकाच जागी दोन्ही ऐकता येतात. असा एक कॉइल बंद केलेला हमबकर खऱ्या सिंगल कॉइलपेक्षा थोडा रोडका वाजतो, तेवढं ध्यानात ठेवा.

दोन्ही गिटारांवर एकाच जाडीच्या नव्या तारा, तीच केबल, तीच पिक. शेवटच्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) तार दाबून पिकअप आणि तारेतलं अंतर दोन-अडीच मिलिमीटर करा.

आवाजाची पातळी सारखी करणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. हमबकर मुळात जोरात वाजतो, आणि जोरातलं ते कानाला चांगलंच वाटतं. त्याची पातळी अ‍ॅम्पवर उतरवा, गिटारच्या नॉबवर नाही. बऱ्याच गिटारांत नॉब उतरवली की वरचे सूरही मंदावतात.

मोबाइल अ‍ॅम्पसमोर एकाच जागी ठेवून रेकॉर्ड करा. आधी स्वच्छ आवाजात मोकळा ई कॉर्ड, मग वरच्या तारांवर एखाद्या भीमगीताची चाल, मग तळहाताने दाबून जाड तारा. सिंगल कॉइलमध्ये कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू येते, पिकचा टोकदार ठोका लागतो. हमबकरमध्ये त्या तारा गव्हाच्या पेंढीसारख्या एकत्र बांधल्या जातात, मधले सूर जाड होतात. पी-९० दोघांच्या मधला, थोडा रांगडा. गुंजारव मात्र सिंगल कॉइलसारखाच. मग डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावून तेच पुन्हा वाजवा. इथे हमबकरची सूर धरून ठेवायची ताकद कळते.

रेकॉर्डिंगना फक्त आकडे द्या आणि घरच्या कुणाला तरी क्रम बदलून वाजवायला सांगा. कोणता पिकअप आहे हे माहीत नसताना कान खरं बोलतो.

माझं मत विचाराल तर दुय्यम कव्वालीच्या, म्हणजे दोन गायकांच्या सामन्याच्या मांडवात, जिथे जनरेटर, हॅलोजन आणि साउंडवाल्याचे वायरींचे जुडगे शेजारीच असतात, तिथे हमबकरच घ्यावा. घरी किंवा देवळातल्या छोट्या बैठकीत सिंगल कॉइलची सुटी, बोलकी तार मला जास्त भावते. मात्र नवा पिकअप मागवण्याआधी आहे त्याच्याच बाजूचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवून उंची बदला आणि पुन्हा रेकॉर्ड करा. यात पैसा लागत नाही, आणि फरक पुष्कळदा एवढा पडतो की खरेदी पुढच्या हंगामावर ढकलता येते.