कोपऱ्यावर मरायचं नसेल तर भिंत सोडा

'आर्मा ३', 'स्क्वाड' असल्या खऱ्या लढाईच्या जवळ जाणाऱ्या कॉम्प्युटर गेममध्ये एक-दोन गोळ्यांत काम तमाम. त्यात बहुतेक वेळा आपण मरतो ते कोपऱ्यावर, कारण भिंतीला चिकटून जातो आणि एकदम बाहेर उडी घेतो.

१. भिंतीपासून दोन-तीन पावलं लांब राहा. चिकटलात तर तुमच्या आधी बंदुकीची नळी बाहेर डोकावते.

२. कोपरा मध्यबिंदू धरून अर्धगोलात सरका. एक पाऊल, थांबा, जेवढी नवी फट उघडली तेवढीच बघा, मग पुढचं पाऊल. समोर लपलेल्याचा खांदा किंवा बूट आधी दिसतो, तेवढं पुरतं.

३. निशाणा छातीच्या उंचीवर, भिंतीच्या कडेला लावूनच ठेवा. (जमिनीकडे बंदूक रोखून चालायची सवय मला फार महागात पडली.)

कीबोर्डवरची क्यू-ई बटणं दाबून बाजूला झुकायचं ते शेवटच्या फटीला. आणि धावू नका, पावलं ऐकू जातात.

एक मात्र आहे: भिंत सोडली की पाठ उघडी पडते. मागची बाजू साथीदाराने धरली नसेल तर आधी तिकडे नजर टाका.