जुनी पिकअप पाणी पिते? दुरुस्तीत या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यात देवगडचा आंबा भरून करूळ किंवा फोंडा घाट चढणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये डोकावलं, तर ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याचा कॅन हमखास दिसतो. थांबायचं, पाणी ओतायचं, पुढे निघायचं. असं कित्येक महिने निभावतं आणि मग एखाद्या चढावर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यातली सांधपट्टी) उडते. एक होज पाइप आणि दोन क्लिपांत भागणारं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) यंत्रणा सगळीकडून बंदिस्त असते. तिच्यात रोज भर घालावी लागत असेल, तर पाणी कुठूनतरी जातंच आहे.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते थेंब पडतो तिथेच गळती शोधण्यात. गाडी चालताना पंख्याचा वारा पाणी मागे ढकलतो. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगमधून झिरपलेलं पाणी ब्लॉकवरून ओघळत मागे जातं आणि गिअरबॉक्सजवळ टपकतं. मग खालचं काहीतरी बदललं जातं आणि गळती होती तशीच राहते. आधी थंड इंजिन धुऊन कोरडं करा, रात्री खाली पुठ्ठा पसरा. सकाळी वाळलेल्या पांढरट किंवा हिरवट डागाचा माग खालून वर काढत जा. डाग जिथे सुरू होतो तिथे मूळ. तरी सापडलं नाही तर रेडिएटरला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून घ्या, पण कॅपवर छापलेल्या दाबापेक्षा जास्त दाब देऊ नका. ही तपासणी थंड इंजिनावर करा, कारण काही होज फक्त थंडपणी गळतात. धातू तापून फुगला की सांधा आपोआप बंद होतो. दुपारी गॅरेजमध्ये गरम गाडी नेली की ‘काही नाही, ठीक आहे’ असं उत्तर मिळतं ते यामुळेच.

वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. तिथून पाणी येतंय म्हणून त्यात एम-सील भरलेल्या गाड्या आहेत! ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं यासाठी. ते बुजवलं की बेअरिंग जातं, पंप डगमगतो, आणि पंख्याची पाती पंपाच्याच शाफ्टवर असतील तर ती रेडिएटरमध्ये घुसू शकतात. तिथून पाणी आलं म्हणजे पंप बदला.

कॅपकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. साधारण 0.9 बारची कॅप दाब धरून ठेवते, म्हणून साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी सुमारे 118 अंशांवर उकळतं; प्रेशर कुकरचंच तत्त्व. स्प्रिंग मऊ पडली की पाणी लवकर उकळून जादा पाण्याच्या बाटलीकडे आणि तिथून रस्त्यावर जातं. रेडिएटर धड, होज धड, तरी पाणी कमी. सगळ्यात स्वस्त वस्तू आहे ती, आधी तीच तपासा. उलट ‘जास्त दाबाची बसवली तर बरं’ म्हणून मोठ्या आकड्याची कॅप लावली, तर जुन्या रेडिएटरची शिवण उकलते. आणि गरम इंजिनाची कॅप उघडू नका. उडालेल्या वाफेने तोंड भाजलेली माणसं बहुतेक गॅरेजवाल्यांनी पाहिलेली असतात.

आता हळदीबद्दल. रेडिएटरला बारीक भोक पडलं की मूठभर हळद टाकायची, हा जुना रस्त्यावरचा उपाय आहे आणि तो खोटा नाही. कण भोकाशी जाऊन अडकतात, गळती थांबते. पण तेच कण रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही अडकतात. बाजारातली गळती थांबवणारी पावडर याच तत्त्वावर चालते. घाटात अडकलात तर घरापर्यंत येण्यापुरती टाका, माझी हरकत नाही. पण आल्यावर यंत्रणा धुऊन घ्या आणि भोक नीट बुजवा. तांबे-पितळेचा रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला सोल्डरचा डाग मारून देतो. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असेल तर हा मार्ग बंद. टाकी, तिचं रबर किंवा अख्खा रेडिएटर बदलावा लागतो.

‘थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी थंड राहील’ हा सल्लाही फुकट मिळतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. सपाटीवर इंजिन थंड राहतं ते वेगळंच. डिझेल जास्त लागतं, झीज वाढते.

बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार आत थर धरतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं म्हणतात. पण कूलंट गंजही रोखतं. साध्या पाण्यावर वर्षं काढलेल्या ब्लॉकचे पत्र्याचे गोल प्लग आतून गंजतात. अशा गाडीत इंजिन धुऊन कूलंट भरलं की गंजाने बुजलेली भोकं उघडी पडतात, आणि दोष कूलंटला येतो. डिस्टिल्ड पाणी आणि न मिसळलेलं (कॉन्सन्ट्रेट) कूलंट निम्मं-निम्मं घ्या. रंग सारखा दिसला म्हणून दोन प्रकार मिसळू नका, कुठल्या प्रकाराला कुठला रंग हे ठरलेलं नसतं.

बाहेर थेंब नाही आणि तरी पाणी कमी होतंय, तर मामला गंभीर. थंड इंजिन सुरू करून मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले किंवा गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहिला, तर गॅस्केट किंवा हेड तपासा. पाण्यात तेल दिसलं म्हणून लगेच हेड उतरवू नका. इंजिनाला ऑइल कूलर असेल तर आधी तो तपासा. सिलिंडरमध्ये पाणी साचल्याचा संशय असेल तर सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

तापमानाच्या काट्यावरही फार विसंबू नका. पाणी इतकं उतरलं की सेन्सर कोरडा पडला, तर काटा खाली येतो आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली. अशा वेळी गाडी बाजूला घ्या, बंद करा, पण थंड पाणी ओतू नका. तापलेल्या हेडला तडा जातो. अर्धा-पाऊण तास थांबा.

दुरुस्तीनंतर भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर असेल तर उघडा, हळूहळू ओता. आत हवा राहिली तर नवीन पंपही पाणी ओढत नाही. होजच्या क्लिपा रबर कापेपर्यंत आवळू नका. एकदा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा बघा. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात सांडू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री चाटतात, आणि त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.