गृहसभा टिकवायची कशी?
एकत्र येणे सोडू नका, असे बायबलमधले इब्री 10:25 सांगते. पण रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाकावरच्याला सलाम केला म्हणजे सहभागिता झाली, असे नाही. त्यासाठी आठवड्याची गृहसभा, म्हणजे मंडळीतल्या थोड्या जणांची कोणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा, हवी. 8 ते 12 जण पुरेत. 15च्या वर गेले की लाजरे गप्प बसतात, मग गट दोन करावेत. वार आणि वेळ पक्की, घर मात्र आळीपाळीने.

दीड तासात दोन गीते (पेटी नसेल तर टाळ्यांवर), 25 मिनिटे बायबलचा एकच शास्त्रभाग व त्यावर संदेश, उरलेला वेळ प्रार्थनेला. संदेशाला घड्याळ लावाच, नाहीतर तो लांबतो आणि प्रार्थना 5 मिनिटांत उरकते. प्रार्थनेच्या विनंत्यांची वही ठेवा: तारीख, नाव, विनंती, आणि चौथा रकाना उत्तराचा. म्हणजे पुढच्या वेळी ‘आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं?’ असे नेमके विचारता येते. घरची भांडणे, कर्ज मात्र वहीत नको. सभेतली गोष्ट बाहेर फुटली की माणूस पुन्हा तोंड उघडत नाही.

खायला चहा-बिस्किटे बास. एका घरी बिर्याणी झाली की पुढचे घर पाळी टाळते!

सलग दोनदा कोणी आले नाही, तर ग्रुपवर मेसेज टाकू नका. दोघांनी घरी जाऊन यावे.