मंडळीत कोण येत नाही, ते आधी मोजा

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यापासून आमच्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, चिटणीस आहे. आसपासच्या मंडळ्यांतले नवे पंच येतात आणि विचारतात, "बाई, मंडळी सगळ्यांची व्हावी असं वाटतं, सुरुवात कुठून करू?" मी त्यांना सभासद नोंदवही काढायला सांगते.

शाळेत हजेरी झाली की गैरहजर पोराच्या घरी जायचं असतं. मंडळीत मात्र आपण आलेली डोकी मोजतो, दानार्पणाचा आकडा लिहितो आणि वही मिटतो. हे उलटं करा. एकेक घर घ्या, वर्षभरात कोण फिरकलं नाही ते लिहा आणि कारणाची जागा मोकळी ठेवा. ती अंदाजाने भरू नका. आमच्याकडे पहिल्या वेळी एकतीस नावं निघाली. बैठकीत सगळ्यांच्या तोंडी एकच कारण होतं, 'विश्वासात थंड पडलेत.' घरोघर गेलो तेव्हा कळलं की कुणाला पायऱ्या चढवत नव्हत्या, कुणी ऊसतोडीला गेलं होतं, आणि बरेच जण कुणाच्या तरी एका शब्दाने दुखावले होते.

भेटीला दोघांनी जा, त्यात एक बाई हवीच. पहिल्या भेटीत बोलणं त्यांचं असू द्या, प्रार्थना मागितली तर करा. चहा मात्र प्रत्येक घरी घ्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्याकडची बहुतेक ख्रिस्ती घरं मूळची महार आणि मांग. चार पिढ्या झाल्या तरी सोयरीक जमवताना "आधीचे कोण?" हा प्रश्न येतोच. माझ्या लहानपणी बाकांच्या दोन रांगा म्हणजे दोन वस्त्या होत्या. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक याच जिल्ह्यात राहिल्या. त्यांचं सोवळं आधी खाण्यापिण्यात सुटलं, बाप्तिस्मा त्यानंतर झाला. आपल्याकडे पुष्कळांचा बाप्तिस्मा आधी झाला आणि एकमेकांच्या घरचं पाणी पिणं मागे राहिलं. म्हणून प्रीतिभोजनाला वाढणारे हात दर वेळी बदला आणि स्वयंपाक कुणी करायचा ते चिठ्ठी टाकून ठरवा.

पायऱ्यांचं काम सोपं आहे, पण मोजून करा. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. आमच्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट, म्हणजे उतार अठरा फुटांचा हवा होता. जागा वाचवायला मी आठ फुटांवर भागवलं आणि पहिल्याच रविवारी एका आजोबांची चाकाची खुर्ची मागे घसरली. दुखापत झाली नाही, पण तो उतार फोडून पुन्हा बांधावा लागला. दोन्ही बाजूंना कठडे घाला.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पेटी, ढोलकी आणि टाळ बाहेर काढा. लक्ष्मीबाईंचे यजमान रेव्हरंड टिळक यांनी भजन-कीर्तनाची वाट घालून दिलेलीच आहे. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी धरायची. पुस्तक न उघडता सगळी मंडळी गाते.

ऊसतोडीच्या घरांचं काम सगळ्यात अवघड. दसरा-दिवाळीला ती गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलला परततात. नाताळ, नवं वर्ष आणि पंचांची निवडणूक, सगळं त्यांच्यावाचून व्हायचं. निवडणूक आता आम्ही मे महिन्यात घेतो. नाताळ त्यांच्याकडे नेतो. आधी मुकादमाशी बोला, मग कोप्यांवरच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांतल्या, बायकांना वेळ विचारा. पहाटे त्या फडात असतात आणि गाडी भरायला रात्रीही उठावं लागतं, त्यामुळे आपल्या सोयीची वेळ चालत नाही. काय आणायचं तेही त्यांनाच विचारा. आम्ही साड्या नेणार होतो. त्यांनी ताडपत्री, बॅटरी आणि पाळीचे पॅड सांगितले. प्रभुभोजनाचा प्याला तोच न्या, जो वेदीवर असतो. मुलांसाठी आधीच, सप्टेंबरमध्ये, शाळा व्यवस्थापन समितीकडे हंगामी वसतिगृहाची मागणी लावून धरा. आई-बापाबरोबर एकदा गेलेलं पोर वर्गात परत आणणं किती कठीण असतं, ते मी तीस वर्षं पाहिलं आहे.

महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर व्हरांड्यात टेबल मांडा. रेशन कार्ड, संजय गांधी निराधार योजना, श्रावणबाळ योजना, जे लागेल त्याचे अर्ज भरून द्या. मंडळीतली शिकलेली पोरं हे काम आनंदाने करतात. टेबल गावातल्या सगळ्यांसाठी असू द्या, आणि तिथे एकही धार्मिक पत्रक ठेवू नका. मदतीच्या बदल्यात काही मागितलं जाईल, अशी शंकासुद्धा कुणाच्या मनात यायला नको.

या टेबलाशी एक प्रश्न हमखास येतो, जातीच्या दाखल्याचा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा असं सांगितलं, तरी ती आहे. त्यामुळे कित्येक घरांत रविवारचं नाव एक आणि कागदावरचं दुसरं. त्यावरून कुणालाही मंडळीत बोल लावू देऊ नका. नोंदवही कुलपात ठेवा, यादी कुणालाही देऊ नका. खोटा अर्ज आपण भरायचा नाही, पण ज्याला या कोंडीत जगावं लागतं त्याची लाजही काढायची नाही. दर १० ऑगस्टला, आदेशाच्या तारखेला, आम्ही उपासनेत त्यावर बोलतो आणि तहसीलदारांना निवेदन देतो.

नवऱ्याने मारलेली बाई रडत आली तर "सांभाळून घे" म्हणून तिला परत पाठवू नका. हेच मी स्वतः एका बाईला सांगितलं होतं आणि त्याची टोचणी अजून आहे. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत लावा. पाळकसाहेबांना ठाऊक असणं पुरेसं नाही. संडे स्कूलमध्ये एकट्या मोठ्या माणसाला मुलांबरोबर बंद खोलीत बसू देऊ नका, मग तो कितीही जुना आणि विश्वासू असो.

एका नाताळला एक तृतीयपंथी ताई उपासनेला आली. मला इतका आनंद झाला की मी तिला पुढच्या बाकावर बसवलं आणि साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, माईक हाती दिला. ती दोन वाक्यं बोलली आणि नंतर चार महिने आली नाही. मी घरी गेले तेव्हा म्हणाली, "बाई, मी प्रार्थनेला आले होते. तुम्ही मला दाखवायला ठेवलंत." नव्या माणसाला कुठे बसायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. नाव कोणतं लिहायचं ते विचारा आणि तेच लिहा. ओळख करून द्यायची का, हेही विचारा. बाकीच्या मंडळीशी आधी बोलून घ्या. कुणी वळून बघणार असेल, हसणार असेल, तर त्याला रविवारआधी भेटा.

ताई आता शेवटून दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसते. या वर्षी गैरहजेरीची वही तिच्याकडे आहे. परवा तिने मला एक नाव दाखवलं, जे माझ्या नजरेतून तीन वर्षं सुटलं होतं. येत्या शनिवारी आम्ही दोघी त्या घरी चाललो आहोत.